वाकडे पाय : वाट कधी बघायची आणि कधी नाही



गटाची बैठक भरलेली असते. कुणीतरी आपलं सव्वा वर्षाचं लेकरू कडेवरून खाली सोडते. ते डुलत डुलत दोन पावलं टाकतं आणि लगेच मागून आवाज येतो, "अगं, पाय फेंगडे दिसतात की गं बाळाचे!" मग सल्ले सुरू. कुणी म्हणतं लवकर उभं केलंस, कुणी म्हणतं कडेवर फार घेतेस, कुणी म्हणतं लंगोट जाड बांधतेस. कुणी अमक्या गावच्या मालिशवाल्याचं नाव सांगतं. त्या आईला रात्रभर झोप लागत नाही.

त्याच बैठकीला दुसरी एक ताई हप्त्याचे पैसे आपल्या बारा वर्षांच्या मुलीच्या हाती पाठवते. मुलगी चालते तेव्हा तिचे गुडघे एकमेकांवर घासतात आणि पावलं बाहेरच्या बाजूला फेकली जातात. सगळ्यांना दिसतं, पण कुणी काही बोलत नाही. मुलगी मोठी आहे, तिला वाईट वाटेल. आणि मनात असंही असतं, की आता काय करणार, जे आहे ते आहे.

व्हायला हवं नेमकं उलटं. त्या सव्वा वर्षाच्या बाळाला बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही. बारा वर्षांच्या मुलीकडे मात्र थोडेच महिने उरलेले असतात. ते महिने कसले, आणि त्यात काय करता येतं, तेच आज समजून घेऊ. पाठ थोडा लांब आहे. एका बैठकीत वाचून झाला नाही तर दोन बैठकांत वाचा.

आधी बाहेर, मग आत, मग सरळ

आईच्या पोटात बाळ पाय दुमडून असतं. त्यामुळे जन्मल्यावर त्याचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले दिसतात. घोटे जुळवले तर गुडघ्यांमध्ये फट राहते. दीड ते दोन वर्षांपर्यंत ही फट आपोआप भरून येते.

यानंतर जे होतं ते आपल्यापैकी बऱ्याच जणींना माहीत नसतं. पाय सरळ होऊन थांबत नाहीत, ते उलट्या बाजूला जातात. तीन-चार वर्षांच्या मुलाचे गुडघे एकमेकांना टेकतात आणि घोटे लांब राहतात. अंगणवाडीतल्या मुलांना रांगेत उभं करून बघा, निम्म्या जणांचे तसे दिसतील. मग हळूहळू तेही कमी होतं आणि सात-आठ वर्षांपर्यंत पाय मोठ्या माणसासारखे होतात. फिनलंडमधल्या दोन डॉक्टरांनी हजाराहून जास्त मुलांचे पाय मोजून हा क्रम १९७५ साली मांडला. जगभरचे हाडांचे डॉक्टर आजही त्यावरून अंदाज घेतात.

म्हणजे पाय कडेवर घेतल्याने वाकत नाहीत, लंगोटाने वाकत नाहीत, आणि मूल आपणहून उभं राहिलं म्हणूनही वाकत नाहीत. वयानुसार असलेला वाक मालिशने, पट्ट्याने किंवा खास बुटाने लवकर जात नाही. तो जायचा तेव्हाच जातो, आणि श्रेय बुटाला मिळतं. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. पण पाय दाबून, खेचून, "बसवून" घ्यायला कुणाकडे नेऊ नका. मुडदूस असलेल्या बाळाचं हाड मऊ असतं, जोर लावला तर ते मोडू शकतं.

घरी मोजायचं कसं

मुलाला सपाट जमिनीवर उभं करा. गुडघ्याच्या वाट्या समोर बघायला हव्यात. पाऊल आत-बाहेर वळलेलं असेल तर माप चुकतं. पाय बाहेर वाकलेले असतील तर दोन्ही घोटे जुळवा आणि गुडघ्यांमधलं अंतर मोजा. गुडघे आत असतील तर गुडघे नुसते टेकवा, दाबू नका, आणि घोट्यांमधलं अंतर मोजा. शिवणकामाची टेप सगळ्यात बरी.

पाय बाहेर वाकलेले असताना गुडघ्यांतली फट सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल, किंवा गुडघे आत असताना घोट्यांतली फट आठ सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मोठ्या बाईची चार बोटं एकत्र धरली की साधारण सात-आठ सेंटीमीटर होतात, टेप नसेल तर तेवढ्यावर भागवा. दर सहा महिन्यांनी मोजून वजनाच्या कार्डाच्या मागे तारखेसह लिहून ठेवा. एका मापापेक्षा दोन मापं जास्त सांगतात. फट कमी होत असेल तर थांबायला हरकत नाही. वाढत असेल तर थांबू नका.

काही गोष्टी दिसल्या तर मापाचीही वाट बघायची नाही. एकच पाय वाकडा आहे आणि दुसरा सरळ. दोन वर्षं उलटून गेली तरी पाय बाहेरच वाकलेले आहेत, किंवा वाक वाढतोय. मूल वयाच्या मानाने फार बुटकं आहे. चालताना लंगडतं, पाय दुखतात म्हणून खेळ सोडून बसतं. आठ वर्षांनंतर गुडघे आत जायला लागले. पूर्वी त्या पायाला मार लागला होता किंवा हाडात पू झाला होता. घरात आणखी कुणाचे पाय तसे आहेत. यातलं एक जरी असलं तरी एक्स-रे लागतो.

नडगीचा वरचा भाग आतून दबत जातो असाही एक आजार आहे, त्याला ब्लाउंटचा आजार म्हणतात. तो दोन-तीन वर्षांच्या वयात ओळखला आणि शस्त्रक्रियेची गरज असेल तर चार वर्षांच्या आत झाली, तर निकाल चांगला लागतो. उशीर झाला की पुन्हा पुन्हा करावी लागते.

मुडदूस : आधी हाड पिकवा, मग सरळ करा

आपल्याकडे पाय वाकायचं मोठं कारण मुडदूस. हाडात चुना, म्हणजे कॅल्शियम, बसायला व्हिटॅमिन डी लागतं. ते कमी पडलं किंवा आहारात कॅल्शियमच नसलं की हाड वाढतं पण कडक होत नाही. ओल्या बांबूवर ओझं ठेवल्यासारखं ते अंगाच्या भाराने वाकतं. अशा मुलांची मनगटं रुंद दिसतात, छातीच्या फासळ्यांवर मण्यांसारख्या गाठी लागतात, टाळू उशिरा भरते, दात उशिरा येतात, मूल चालायला उशीर करतं.

ऊन एवढं असून आपल्याकडे मुडदूस कसा, असं तुम्ही म्हणाल. कारण बाळ दुपट्यात गुंडाळून घरात असतं. आईही बाळंतपणात अंधाऱ्या खोलीत. आईच्याच अंगात व्हिटॅमिन डी कमी असेल तर दुधातून बाळाला कुठून मिळणार? शिवाय आपण कोवळ्या उन्हाचं कौतुक करतो, पण व्हिटॅमिन डी तयार करणारे किरण ऊन वर आल्यावर मिळतात. थंडीच्या दिवसांत साधारण अकरा ते दोनच्या मध्ये हातपाय उघडे ठेवून वीस-तीस मिनिटं खेळू द्या. वैशाखात अर्थातच नाही, तेव्हा वेळ अलीकडे घ्या आणि डोकं झाका. तान्ह्या बाळाला पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट व्हिटॅमिन डीचे थेंब द्यावेत, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. अंगावर पाजत असाल तरीही ते विचारून घ्या. खाण्यात नाचणी, तीळ, राजगिरा, दूध-दही असावं. खात असाल तर काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळीही चांगली. चहा-बिस्किटावर वाढलेल्या पोराची हाडं चहा-बिस्किटासारखीच होतात.

मुडदूस आहे की नाही हे मनगट-गुडघ्याचा एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्यांवरून कळतं. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि व्हिटॅमिन डी अशा त्या तपासण्या. औषध निदान तीन महिने आणि सोबत कॅल्शियम असं चालतं. लहान मुलांमध्ये नुसत्या औषधाने, शस्त्रक्रियेशिवाय, पाय पुढच्या एक-दोन वर्षांत बरेच सरळ होतात. मेडिकलमध्ये मिळणारी ६०,००० युनिटची पुडी मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका. ती रोज घ्यायची नसते. जास्त झाली तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. आणि तीन महिने औषध देऊनही एक्स-रेत फरक दिसला नाही, तर तो वेगळ्या जातीचा मुडदूस असू शकतो. त्यात फॉस्फरस लघवीवाटे वाहून जातो. त्याला मोठ्या रुग्णालयातच उपचार लागतात.

आता शस्त्रक्रियेच्या बाजूने महत्त्वाचं. मुडदूस बरा व्हायच्या आत हाड कापून सरळ केलं तर ते पुन्हा वाकतं. म्हणून डॉक्टर आधी सहा महिने औषधच देतात. तेव्हा "हे टाळाटाळ करताहेत" असं समजून दवाखाना बदलू नका.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या मैत्रिणींसाठी एक जादा गोष्ट. तिथल्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे ही त्याची पहिली खूण. असं पाणी आणि जोडीला कॅल्शियम कमी असलेलं जेवण, यातून मुलांचे गुडघे आत वळतात. आंध्रातल्या फ्लोराइडच्या गावांत हे १९७० च्या दशकातच डॉक्टरांनी नोंदवलं होतं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असेल तर ते पाणी पिण्याचं नाही. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण, हे ग्रामपंचायतीला विचारा. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड कमी करायची नालगोंडा पद्धत तर नागपूरच्या नीरी संस्थेनेच शोधली आहे. पाणी तेच राहिलं तर शस्त्रक्रियेने सरळ केलेला पायही पुन्हा वाकायची भीती राहते.

वाढ चालू असताना : छोटी पट्टी

समजा मुडदूस बरा झाला, पाणी बदललं, मूल दहा-अकरा वर्षांचं झालं आणि गुडघे अजून आतच आहेत. आता आपोआप सरळ होण्याचं वय गेलेलं आहे. पण हाड अजून वाढतंय. या वाढीचाच उपयोग करून घेणारी एक छोटी शस्त्रक्रिया आहे.

लांब हाडाच्या टोकाजवळ वाढीची एक मऊ चकती असते. हाडाची लांबी तिथून वाढते. बैलगाडी डावीकडे वळवायची असेल तर आपण काय करतो? डाव्या बैलाचा कासरा ओढून धरतो. तो थबकतो, उजवा चालत राहतो, गाडी वळते. गुडघ्याच्या आतल्या बाजूला, चकतीच्या वर एक आणि खाली एक असे दोन स्क्रू टाकून इंग्रजी आठच्या आकाराची लहान धातूची पट्टी बसवतात. आतली बाजू थबकते, बाहेरची वाढत राहते आणि पाय हळूहळू सरळ होतो. पाय बाहेर वाकलेला असेल तर पट्टी बाहेरच्या बाजूने. १९४९ पासून यासाठी लोखंडी आकड्या वापरत. आताची पट्टी अमेरिकेतल्या स्टीव्हन्स नावाच्या डॉक्टरांनी रूढ केली, त्यांचा लेख २००७ चा.

यात हाड कापावं लागत नाही. काप दोन-तीन सेंटीमीटरचा. मूल एक-दोन दिवसांत चालायला लागतं, प्लास्टर बहुतेक वेळा नसतं. दुरुस्ती मात्र सावकाश होते, महिन्याला साधारण अर्धा ते एक अंश. म्हणजे दहा-बारा अंशांचा वाक जायला वर्ष-दीड वर्ष हवं. तेवढी वाढ शिल्लक असेल तरच ही शस्त्रक्रिया उपयोगाची.

म्हणूनच मी सुरुवातीला त्या बारा वर्षांच्या मुलीचं बोलले. मुलींच्या गुडघ्याजवळची वाढ साधारण चौदाव्या वर्षी संपते, मुलग्यांची सोळाव्या. मुलीला पहिली पाळी आली की उंची वाढण्याचा वेग उतरायला लागतो आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत वाढ जवळजवळ थांबते. मुलीच्या पाळीची तारीख आपण आयांना पाठ असते. तीच तारीख हाडाच्या डॉक्टरांनाही हवी असते, लाजू नका, सांगा. आणि पाळी यायच्या आधीच दाखवलं असेल तर सगळ्यात चांगलं.

इथे मला एक कडू गोष्ट बोलायची आहे. मुलगा असेल तर पायाकडे लवकर लक्ष जातं. त्याला पोलीस भरतीत पळायचं असतं, लष्करात जायचं असतं. मुलीच्या बाबतीत "सलवारीत दिसत नाही", "लग्नात साडीच नेसायची आहे" असं म्हणून वर्षं काढली जातात. पाय झाकला म्हणून गुडघ्याची झीज थांबत नाही. वाकड्या पायावर भार एकाच बाजूला पडतो. खुरपणीला बसताना, डोक्यावर हंडा घेऊन चढ चढताना, पुढे बाळंतपणानंतर लेकरू कडेवर घेताना तीच बाजू झिजत जाते.

पट्टी बसवून विसरू नका

आपल्याच भागातल्या एका मुलीचं सांगते. नाव-गाव सांगत नाही. अकराव्या वर्षी तिच्या दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या बसवल्या. डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी यायला सांगितलं होतं. दोन फेऱ्या झाल्या, फरक दिसायला लागला, घरचे खूश. मग दसऱ्यानंतर आई-बाप ऊसतोडीला गेले, मुलगीही बरोबर. कारखान्याच्या तळावरून दवाखाना कुठला? मधे पाय अगदी सरळ झाले. आईने फोनवर सांगितलं, "आता काय, लेकीचा पाय सुतासारखा झालाय." पण आत पट्टी तशीच होती आणि कासरा अजून ओढलेलाच होता. चैत्रात गावी आले तेव्हा गुडघे आता बाहेरच्या बाजूला वाकायला लागले होते.

त्या आईने मला विचारलं, "डॉक्टरांनी चूक केली का?" चूक कुणाची, यावर मी काय बोलू? तिला तारखा सांगितल्या होत्या, पण तारीख चुकली तर नेमकं काय होतं, हे तिला उमजेल असं कुणी सांगितलं नव्हतं. नशीब चांगलं, की मुलीची वाढ अजून बाकी होती. पट्ट्या लगेच काढल्या. पट्टी काढल्यावर काही मुलांमध्ये मूळचा वाक थोडा परततो. हिच्या बाबतीत तोच उपयोगी पडला आणि वर्षभरात पाय बराच जागेवर आला.

तेव्हा पट्टी बसवलेलं मूल घरात असेल तर तीन-चार महिन्यांची फेरी चुकवायची नाही, पाय चांगला दिसत असला तरी नाही. चांगला दिसायला लागला की उलट जास्तच जपायचं. स्थलांतर असेल तर जायच्या आधी डॉक्टरांना सांगा. कारखान्याच्या जवळ कुठे एक्स-रे काढून मोबाइलवर पाठवता येईल, ते ठरवून घ्या. पट्टी काढली तरी वाढ पूर्ण होईपर्यंत सहा महिन्यांनी एकदा दाखवत राहायचं.

वाढ थांबल्यावर : हाड कापून सरळ करणं

वाढ संपली म्हणजे दार बंद झालं, असं नाही. मग हाड कापून कोन दुरुस्त करतात. आधी दोन्ही पायांचा खुब्यापासून घोट्यापर्यंत उभ्याने एक मोठा एक्स-रे काढतात. वाक मांडीच्या हाडात आहे की नडगीत, किती अंशाचा, हे त्यावर रेघा मारून ठरतं. असा एक्स-रे न काढता कुणी लगेच शस्त्रक्रियेची तारीख देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

मग हाडाला काप देतात. कधी सुतार पाचर काढतो तसा तुकडा काढून फट मिटवतात, कधी एका बाजूने फट उघडतात. पाय सरळ करून आतून प्लेट-स्क्रूने किंवा तारांनी पक्का करतात. हाड जुळायला दीड ते तीन महिने. तोवर त्या पायावर भार द्यायचा की नाही, किती द्यायचा, हे डॉक्टर ठरवतात. घरात तयारी आधी करा : उंच खाट, भोक पाडलेली खुर्ची किंवा कमोड, कुबड्या किंवा वॉकर. शाळेला अर्ज द्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते आधी भरून काढायला सांगतात, त्यात दोन-तीन महिने जातात, तेही धरून चला.

या शस्त्रक्रियेत धोके आहेत आणि ते विचारायचा तुमचा हक्क आहे. जखमेत पू होणं, हाड उशिरा जुळणं, वाक पुन्हा येणं, गुडघ्याच्या बाहेरून जाणारी नस ताणली जाऊन पाऊल वर उचलता न येणं. पण पहिल्या दोन दिवसांतला एक धोका असा आहे, की तो ओळखायला सोबत बसलेल्या आईचं लक्ष लागतं. औषध देऊनही दुखणं वाढतच चाललंय, पायाची बोटं नुसती सरळ केली तरी मूल किंचाळतं, पोटरी दगडासारखी ताठ, बोटं बधीर, गार किंवा फिकट-निळी. नर्सला ताबडतोब बोलवा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. पोटरीच्या आत सूज कोंडून रक्तपुरवठा अडलेला असू शकतो आणि काही तासांत उघडलं नाही तर स्नायू मरतो. "मूल नाटक करतंय" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

वाक फार मोठा असेल, किंवा पाय आखूडही असेल, तर एका दमात सरळ करता येत नाही, नसा ताणल्या जातात. तिथे रिंगांची चौकट वापरतात. तिचं नाव इलिझारोव्ह. गावरील इलिझारोव्ह हे सायबेरियातल्या कुर्गान भागातले डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धानंतर पाय मोडलेले सैनिक आणि खेडूत त्यांच्याकडे येत. पायाभोवती लोखंडी कडी, त्यातून हाडात आरपार ताणलेल्या बारीक तारा, आणि कडी जोडणाऱ्या दांड्यांवर नट. हाड कापायचं आणि नट फिरवून दोन टोकं रोज एक मिलिमीटर दूर करायची, तेही चार वेळा पाव-पाव. एवढ्या सावकाश ओढलं तर मधल्या फटीत नवीन हाड तयार होतं, हे त्यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं. त्या वेगापेक्षा घाई केली तर हाड भरत नाही, फार सावकाश केलं तर आधीच जुळून बसतं.

घरी गेल्यावर हे नट आईलाच फिरवावे लागतात. वेळ ठरवून घ्या, भिंतीवर कागद लावा, फिरवलं की खूण करा. तारेभोवतीची कातडी दवाखान्यात शिकवल्याप्रमाणे रोज स्वच्छ करा, हळद किंवा तंबाखू लावू नका. लाली, पू, ताप आला तर लगेच जा. एक सेंटीमीटर वाढवायला साधारण महिनाभर चौकट ठेवावी लागते, तीन सेंटीमीटरला तीन महिन्यांच्या आसपास. ऐकायला फार वाटतं, पण सुरुवातीलाच माहीत असेल तर निभतं.

पैसे आणि वाट

वाकड्या पायासाठी फायनान्सवाल्याकडून कर्ज काढायच्या आधी ही वाट बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. जन्मतःच वळलेलं पाऊल आणि मुडदूस ही दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवा आणि पायाचं तोंडाने सांगा, रांगेत शंभर मुलं असतात. तिथून जिल्हा रुग्णालयात पाठवतात. जन्मतः वळलेल्या पावलाला तर मोठी शस्त्रक्रिया क्वचितच लागते. दर आठवड्याला बदलायची पाच-सहा प्लास्टरं आणि मग काही वर्षं रात्री घालायचे बूट, पण जन्मल्यावर पहिल्या आठवड्यांतच सुरू करायला हवं.

शस्त्रक्रिया ठरली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयाच्या दारातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड, मुलाचं आणि तुमचं आधार, कागदावरचं नाव जुळतंय ना ते घरीच तपासून जा. मंजुरी शस्त्रक्रियेआधी घ्यायची असते. आधी पैसे भरले आणि नंतर योजनेत बसवून घेऊ, असं धरून चालू नका. ज्या रुग्णालयात ही शस्त्रक्रिया होत नाही तिथे अडकून पडू नका, कुठे होते ते लिहून मागा.

योजनेत शस्त्रक्रिया मोफत झाली तरी गाडीभाडं, आईची बुडालेली मजुरी आणि दर तीन महिन्यांच्या फेऱ्या उरतातच. गटाचं अंतर्गत कर्ज त्यासाठी वापरा. एका गटाने असं केलं, की ज्या ताईचं मूल दवाखान्यात आहे तिचा हप्ता दोन महिने पुढे ढकलला आणि तसा ठराव लिहून घेतला. मला ते मालिशवाल्यासाठी पाच हजार देण्यापेक्षा कितीतरी बरं वाटलं.

आपले स्वतःचे गुडघे

हे वाचताना चाळिशी-पन्नाशीच्या मैत्रिणी स्वतःच्या पायाकडे बघत असतील. गुडघ्याची आतली बाजू झिजली की पाय बाहेर वाकायला लागतो. वाकला की भार आणखी आत पडतो आणि झीज वाढते. झीज एकाच बाजूला असेल आणि गुडघा नीट दुमडत असेल, तर नडगीचं हाड वरच्या बाजूला कापून भार दुसऱ्या बाजूला वळवता येतो, आणि गुडघा बदलणं काही वर्षं लांबवता येतं. शेतात काम करणाऱ्या, साठीच्या आतल्या बाईने सांधा बदलायला होकार देण्यापूर्वी हा पर्याय आपल्याला चालेल का, एवढं विचारावं. सगळ्यांना चालतो असं नाही. यावर वेगळा पाठ घेऊ.

बैठकीत करायचं काम

या महिन्याच्या बैठकीला येताना टेप आणा आणि आठ ते चौदा वर्षांच्या मुली-मुलांना बरोबर घ्या. सगळ्यांसमोर नको, आतल्या खोलीत एकेकाला मोजा. वय, दोन अंतरांपैकी जे असेल ते, एक पाय की दोन्ही, आणि मुलीच्या बाबतीत पाळी सुरू झाली का, एवढं लिहा. माप जास्त आलं तर आशाताईंना दाखवून पुढच्या पंधरा दिवसांत कुठल्या दिवशी, कुणाबरोबर जायचं ते तिथेच ठरवा. आधीच पट्टी किंवा चौकट बसवलेलं मूल गटात असेल तर त्याच्या पुढच्या फेरीची तारीख इतिवृत्ताच्या वहीत पहिल्या पानावर लिहा, आणि सचिवांनी आठ दिवस आधी त्या आईला फोन करावा.